आरोग्य : दान, विमा कीं हक्क ?

श्रोतेहो, आजार हें ज्याचें त्याचें नशीब, असें मानण्याची आपली फार जुनी संवय आहे. घरांत कोणी अंथरूण धरलें म्हणजे डॉक्टर बोलवावयाचा, ऐपत असेल तितका पैसा खर्चावयाचा आणि ऐपत सरली कीं देवावर हवाला ठेवावयाचा, हाच बहुतेक कुटुंबांचा आजवरचा क्रम. साथ आली म्हणजे मात्र हा समज डळमळूं लागतो. शेजारच्या घरांतील दुखणें भिंत ओलांडून आपल्या घरांत येतें, आणि मग एकट्याचा आजार हा गांवाचाहि आजार असतो हें पटूं लागतें. ह्या दोन समजुतींमधील झगड्यांतूनच आजच्या लोकशाही राष्ट्रांतील एक मोठा राजकीय वाद उभा राहिला आहे. उपचाराचा भार कोणीं वाहावा ? रोग्यानें स्वतः, त्याच्या मालकानें, विमा कंपनीनें, कीं सरकारनें ?

अमेरिकेंत हा वाद गेलीं ऐंशी वर्षें चालू आहे, आणि आपलीं वर्तमानपत्रेंहि तो मोठ्या आवडीनें छापतात. परंतु तो अमेरिकेचा खाजगी वाद नव्हे. त्याच प्रश्नाचें सविस्तर उत्तर १९४६ सालीं आपल्या देशांत छापून निघालें होतें, आणि तें देणाऱ्या समितीचे अध्यक्ष नाशकांत जन्मलेले गृहस्थ होते. तें उत्तर काय होतें, आणि त्याच नाशिक जिल्ह्यांत त्याचें पुढें काय झालें, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम अमेरिकेकडे वळूं. कारण तिच्या अनुभवावरून आपल्या प्रश्नाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. १९ नोव्हेंबर १९४५ रोजीं अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनीं तेथील काँग्रेसपुढें एक संदेश ठेवला. इस्पितळें बांधावीं, वैद्यकीय शिक्षणास व संशोधनास साह्य द्यावें आणि राष्ट्रीय आरोग्यविमा सुरू करावा, अशा त्यांत सूचना होत्या. डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेनें, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशननें, हें समाजवादी वैद्यक होय अशी हाकाटी केली. डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्यें सरकारी कारकून येऊन बसेल, अशी भीति लोकांना घालण्यांत आली. परिणाम असा झाला कीं, इस्पितळें बांधण्याचा कायदा १९४६ सालीं मंजूर झाला, पण विमा मागें राहिला. इमारती उठल्या, परंतु त्यांच्या दारावर ऐपतीचा पहारा कायम राहिला. इतकेंच नव्हे, तर गोऱ्यांसाठीं व काळ्यांसाठीं वेगळीं इस्पितळें चालविण्याची मुभाहि त्या कायद्यानें दिली होती.

पुढें ३० जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं वृद्धांसाठीं 'मेडिकेअर' व निर्धनांसाठीं 'मेडिकेड' ह्या योजनांच्या कायद्यावर सही केली. ती सही ट्रुमन यांच्या गांवीं जाऊन, त्यांच्यासमक्ष झाली. आदल्याच वर्षीं नागरी हक्कांचा कायदा झाला होता, आणि त्याप्रमाणें जें इस्पितळ वर्णभेद पाळील त्याला सरकारी पैसा मिळणार नव्हता. त्यामुळें शेंकडों इस्पितळांनीं काळ्या रोग्यांना वेगळें ठेवण्याची चाल थोड्याच महिन्यांत सोडून दिली. २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिराच्या दाराशीं सुरू झालेला सत्याग्रह ज्या शहरानें पाहिला, त्या शहरांतील श्रोत्यांना बंद दाराचा अर्थ निराळा सांगावयास नको. उपचारासाठीं सरकारनें दिलेला पैसा कधीं कधीं बिल भागविण्यापेक्षां मोठें काम करून जातो, एवढेंच येथें लक्षांत घ्यावयाचें.

२३ मार्च २०१० रोजीं अध्यक्ष बराक ओबामा यांनीं सही केलेल्या कायद्यामुळें विमा नसलेल्यांची संख्या बरीच घटली. तरीहि २०२३ सालीं सुमारें २ कोटी ६० लाख अमेरिकन विम्यावांचून होते, आणि त्याच वर्षीं तें राष्ट्र आपल्या उत्पन्नाचा १७.६ टक्के भाग आरोग्यावर खर्चीत होतें. ४ जुलै २०२५ च्या कायद्यानें मेडिकेडचा लाभ घेणाऱ्या पुष्कळशा प्रौढांना महिन्याकांठीं ८० तास काम वा तत्सम उद्योग केल्याचा पुरावा देण्याची अट घालण्याचें ठरविलें. अशा रीतीनें वाद पुन्हां मूळपदावर आला. काम करील त्यालाच उपचार मिळावा, कीं उपचार मिळाला तरच माणूस काम करूं शकेल ? आणि दुसरें असें कीं, पैसा कोणीं द्यावा हें ठरलें म्हणजे सर्व ठरलें, कीं डॉक्टर आणि इस्पितळ कोठें असावें हेंहि ठरवावें लागतें ? हे ते प्रश्नाचे दोन भाग होत.

आतां आपल्याकडे येऊं. सर जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म १८७८ सालीं नाशिक येथें झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत व नंतर लंडनमध्यें शिक्षण घेऊन ते सनदी नोकरींत शिरले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाच्या सभासदत्वापर्यंत चढले. महायुद्ध चालू असतांनाच, ऑक्टोबर १९४३ मध्यें, हिंदुस्थानांतील आरोग्याची पाहणी करून पुढील योजना आखण्यासाठीं त्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तींत डॉ. बिधनचंद्र रॉय व डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखे नामांकित डॉक्टर होते, आणि गिरणी कामगारांत आयुष्य घालविलेले ना. म. जोशीहि होते. समितीनें ज्या परदेशी तज्ज्ञांचा सल्ला घेतला, त्यांत अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री सिगरिस्ट हे एक होते. सर्वांसाठीं सरकारी आरोग्यव्यवस्था हवी, असें अमेरिकेंत आग्रहानें सांगणारे ते विद्वान. तेथें त्यांचा पक्ष दुबळा ठरला, येथें मात्र त्यांचें म्हणणें मन लावून ऐकलें गेलें.

समितीनें आधीं देशाची स्थिति मांडली. १९३७ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं १६२ मुलें वर्षाच्या आंत दगावत होतीं. ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागें एक परिचारिका असें प्रमाण होतें. आणि जे डॉक्टर होते त्यांतील बहुतेक शहरांत राहत होते. मग समितीपुढें प्रश्न आला : विमा काढावा, कीं सरकारनें स्वतः सेवा पुरवावी ? तिनें केलेला विचार अगदीं साधा होता. विमा म्हटला कीं वर्गणी आली, आणि ज्या लोकांना पोटभर खावयाचीच भ्रांत, ते अल्पशी वर्गणी तरी कोठून देणार ? म्हणून वैद्यकीय सेवा भेदभावावांचून सर्वांना मोफत असावी, आणि ज्यांना शक्य आहे त्यांचा हिस्सा करांच्या द्वारें घ्यावा, असा निर्णय समितीनें दिला. फी देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीहि उपचारावांचून राहूं नये, हें तिच्या योजनेचें मूळ सूत्र होतें.

त्याचबरोबर प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडेहि समितीनें तितकेंच लक्ष दिलें. प्रथम ४०,००० लोकवस्तीमागें एक प्राथमिक केंद्र, व पुढें दहा ते वीस हजार वस्तीमागें ७५ खाटांचें एक इस्पितळ, अशी तिची आंखणी होती. सरकारी डॉक्टरांस पूर्ण वेळ पगार द्यावा व त्यांनीं खाजगी धंदा करूं नये, असें तिचें मत होतें. सरकारी खर्चाचा निदान १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च व्हावा, हेंहि तिनें सुचविलें. स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालापासून, प्राथमिक आरोग्य केंद्रें निघूं लागलीं. सपाट प्रदेशांत ३०,००० व डोंगराळ वा आदिवासी प्रदेशांत २०,००० वस्तीमागें एक केंद्र, असें प्रमाण पुढें ठरलें. पण ७५ खाटांच्या जागीं चार-सहा खाटा आल्या, आणि १५ टक्क्यांचा आंकडा अहवालांतच राहिला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें राज्यांसमोर ठेवलेलें लक्ष्य ८ टक्क्यांचें होतें, एवढ्यावरून सत्तर वर्षांतील उतार कळून येईल.

ह्याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहत होता, तो कामगारांच्या विम्याचा. १९२८ सालीं मुंबई विधिमंडळांत गिरणी कामकरी स्त्रियांच्या प्रसूतीसंबंधीं विधेयक आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधीं व नंतर आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनें उचलावा, आणि स्त्रियांच्या श्रमापासून ज्याला फायदा होतो त्या मालकानेंहि त्यांतून सुटूं नये, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १९२९ सालीं तो कायदा झाला. पुढें १९४२ ते १९४६ ह्या काळांत ते मध्यवर्ती सरकारांत मजूरमंत्री असतांना, प्राध्यापक भा. पु. अदारकर यांनीं औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना १९४४ सालीं सादर केली. तिच्यांतूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली.

नाशिककरांना ही योजना सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयामुळें परिचित आहे. तिचें तत्त्व असें कीं, कामगारानें थोडें द्यावें, मालकानें अधिक द्यावें, आणि आजारीपणांत उपचार व वेतनाचा कांहीं भाग दोन्ही मिळावें. १ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी पगाराच्या ०.७५ टक्के व मालकाची ३.२५ टक्के ठरविण्यांत आली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या हजारों कुटुंबांना ह्या योजनेचा आधार झाला. परंतु भोर समितीनें जी शंका काढली होती ती येथेंच खरी ठरते. ज्याचें नांव हजेरीपटावर आहे, त्याच्यासाठीं हा विमा. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीच्या हंगामांत सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून जे मजूर येतात, त्यांचा हजेरीपट कोठें आहे ? हंगाम संपला कीं ते परत जातात, आणि आजार तर हंगाम पाहून येत नाहीं.

ह्या मोकळ्या राहिलेल्या जागेसाठीं महाराष्ट्र सरकारनें २ जुलै २०१२ रोजीं आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. नोव्हेंबर २०१३ मध्यें ती नाशिकसह सर्व राज्याला लागू झाली. त्या वेळीं कुटुंबामागें वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय होती. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. दरम्यान, २०१८ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारची पांच लाखांची आयुष्मान भारत योजना निघाली, व पुढें दोन्हींची सांगड घालण्यांत आली. १ जुलै २०२४ पासून राज्यांतील सर्व कुटुंबांना, मग शिधापत्रिका कोणत्याहि रंगाची असो, पांच लाखांपर्यंतचें संरक्षण देण्यांत आलें. त्याआधीं १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील उपचार मोफत करण्यांत आले होते. याशिवाय धर्मादाय इस्पितळांनीं आपल्या १० टक्के खाटा निर्धनांसाठीं मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें ठेवाव्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें २००६ सालापासून अमलांत आहे. कागदावर पाहतां, ज्या गोष्टीसाठीं ट्रुमन झगडले ती महाराष्ट्रांत बरीचशी साधलेली दिसते.

ह्या सर्वांवर आक्षेप घेणारे लोकहि आहेत, आणि त्यांचें म्हणणें झिडकारून चालणार नाहीं. पहिला आक्षेप पैशाचा : सर्वांना सर्व कांहीं फुकट देऊं लागलें तर तिजोरी पुरेल कशी ? दुसरा खाजगी डॉक्टरांचा : योजनेंत ठरविलेले दर परवडत नाहींत, आणि पैसे वेळेवर हातीं पडत नाहींत. राजस्थान सरकारनें मार्च २०२३ मध्यें आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, तेव्हां तेथील खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, आणि खाजगी इस्पितळांच्या मोठ्या भागाला त्यांतून वगळण्याचें मान्य करूनच सरकारला तडजोड करावी लागली. तिसरा आक्षेप असा कीं, फुकट मिळालेल्या गोष्टीची लोकांना किंमत राहत नाहीं.

ह्यांपैकीं दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो योग्य दर व वेळेवर पैसे देऊन दूर करतां येण्याजोगा आहे. डॉक्टरानें पदरमोड करून राष्ट्राचें कर्तव्य पार पाडावें, असें म्हणणें न्यायाचें नव्हे. तिसऱ्या आक्षेपाला उत्तर असें कीं, हौस म्हणून कोणी पोट फाडून घेत नाहीं. पहिला आक्षेप मात्र नीट तपासला पाहिजे. सरकारनें खर्च केला नाहीं म्हणजे खर्च टळतो, अशी त्याच्या मुळाशीं समजूत आहे. वस्तुतः तो खर्च होतच असतो ; फक्त तो ज्याच्या घरांत आजार शिरला त्या एकट्यावर पडतो. राष्ट्रीय आरोग्य हिशेबाप्रमाणें २०१३-१४ सालीं देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकीं ६४.२ टक्के पैसा लोकांच्या स्वतःच्या खिशांतून गेला. २०२१-२२ सालीं तें प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलें. सुधारणा मोठी आहे, तरीहि दर शंभर रुपयांतले जवळजवळ चाळीस रुपये रोग्याच्या घरांतूनच गेले. त्याच वर्षीं सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, आणि २०१७ च्या धोरणानें २०२५ पर्यंत २.५ टक्के गांठण्याचें ठरविलें होतें.

खिशांतून जाणाऱ्या ह्या पैशाचा सामाजिक अर्थ काय, हें आंकड्यांवरून कळत नाहीं. मध्यम स्थितींतील कुटुंबांत मोठें दुखणें आलें तर दागिने मोडतात, घराचें काम थांबतें. मजुराच्या घरांत तें आलें तर सावकाराचें देणें होतें, बैल विकला जातो, आणि शाळेंत जाणाऱ्या मुलीला आधीं घरीं बसवितात. कारण धाकट्यांना संभाळावयास कोणी तरी हवें असतें. ती मुलगी पुढें जी परिचारिका वा शिक्षिका झाली असती, ती होत नाहीं. संधीची समानता हे शब्द आपल्या घटनेच्या उद्देशपत्रिकेंत आहेत. पण ज्या मुलीच्या बापाच्या आजारानें तिची शाळा सुटली, तिला राखीव जागेचा, शिष्यवृत्तीचा वा मोफत शिक्षणाचा काय उपयोग ? म्हणून आरोग्य ही संधीनंतर मिळणारी चैन नव्हे, तें संधीच्या आधीं लागणारें भांडवल आहे. पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणें हें राज्याचें प्राथमिक कर्तव्य आहे, असें घटनेचें ४७ वें कलम म्हणतें. आणि सरकारी इस्पितळानें तातडीचा उपचार नाकारणें हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं पश्चिम बंगालमधील एका खटल्यांत ठरविलें आहे.

परंतु केवळ खर्चाची हमी देऊन काम भागत नाहीं. महात्मा फुले योजना मुख्यतः इस्पितळांत दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठीं आहे. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, तापाची तपासणी, खोकल्याचें औषध, ह्या लहान खर्चांना ती सहसा पुरी पडत नाहीं. आणि गरीब माणसाला पोखरतात ते हेच खर्च. शिवाय पांच लाखांचें कार्ड हातीं असलें तरी तें दाखवावयाचें कोठें, हा प्रश्न उरतो. योजनेंतील मोठीं इस्पितळें शहरांत आहेत. सुरगाण्याहून नाशिकचें अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे, आणि वाट घाटाची आहे. २०२२ सालाच्या अखेरीस सुरगाणा तालुक्यांतील सीमेवरच्या कांहीं गांवांनीं, आम्हांला गुजरात राज्यांत जाऊं द्या, अशी मागणी केली. रस्ते, पाणी आणि दवाखाने ह्या त्यांच्या तक्रारी होत्या. उपचारासाठीं आम्हांला गुजरातेंतच जावें लागतें, असें ते सांगत होते. ही मागणी राजकीय होती असें म्हणून कोणी ती बाजूला सारील. पण माणसें आपलें राज्य सोडावयास निघतात आणि कारण म्हणून दवाखान्याचें नांव घेतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी नाहीं काय ?

महाराष्ट्रांतील वैद्यकीय महाविद्यालयांना पदव्या देणारें आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालीं नाशकांतच, म्हसरूळ येथें, दिंडोरी रस्त्यावर स्थापन झालें. तोच रस्ता पुढें दिंडोरीस व वणीस जातो आणि तेथून सुरगाण्याकडे वाट फुटते. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांपैकीं त्या वाटेला किती जण लागतात, हाच भोर समितीच्या प्रश्नाचा दुसरा भाग आहे. त्यांना तिकडे जावयास केवळ उपदेश पुरणार नाहीं. राहण्यास घर, मुलांना शाळा, हाताशीं परिचारिका व औषधें, आणि रात्रीं उजेड, एवढें केल्यावांचून तरुण डॉक्टराला दोष देण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं.

निराश होण्याचें कारण नाहीं. हजारीं १६२ बालमृत्यूंच्या देशांत जन्मलेलें हें महाराष्ट्र राज्य २०२० सालच्या नमुना नोंदणीप्रमाणें हजारीं १६ पर्यंत येऊन पोंचलें. लसी, स्वच्छ पाणी, आशा कार्यकर्त्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रें यांचा त्यांत मोठा वांटा आहे, आणि ह्या सर्व गोष्टी सार्वजनिक पैशांतून उभ्या राहिल्या आहेत. राज्यानें मनावर घेतलें तर काय घडतें, याचा हा पुरावा आहे.

तेव्हां, श्रोतेहो, निवडणुकीच्या वेळीं कोणताहि पक्ष आपल्यापुढें आरोग्याची योजना घेऊन येईल, तर त्याला दोन प्रश्न विचारावे. पैसा कोण देणार, हा पहिला. आणि सुरगाण्याच्या घाटांतील बाळंतिणीला पावसाळ्याच्या रात्रीं किती दूर जावें लागेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आज पुष्कळ जण देतात. दुसऱ्याचेंहि उत्तर जो किलोमीटरांत देईल, त्याचीच योजना विश्वासास पात्र समजावी.